मेन लाइनवरची चुन्याची माडी

घाई मले नव्हती अब्बा, हे आता तरी ऐकून घ्या. तुम्हाले जाऊन दहा वर्षं होत आली तरी तुमचं तेच पालुपद माझ्या डोक्यात चालू आहे, की या पोराच्या पायाले भिंगरी आहे, याले भिजू देणं माहीत नाही, मुरू देणं माहीत नाही, याच्या हातानं चुना कधी बसणार नाही. बरं, नसेल बसला. पण सेठची ती चुन्याची माडी माझ्या घाईनं पडली असं जर तिथं कोणी तुमच्या कानावर घातलं असेल तर ते खोटं आहे. ती पडणारच होती. मी फक्त पाडली. या दोन गोष्टीत काही फरक आहे का नाही ते तुम्हीच सांगा. अम्मीले विचारलं तर ती डोक्यावरचा पदर सारखा करते अन् दुसरंच काही बोलाले लागते.

इकडं भोपाळले आज सुटी आहे. टिनाच्या शेडमध्ये बाकीचे पोट्टे पत्ते खेळून राह्यले अन् मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्याइवर बसून हे लिहून राह्यलो. तुम्हाले वाचता येत नव्हतं, मराठी तर नाहीच. घरात आपण आपली हिंदी बोलत होतो अन् कामावर वऱ्हाडी, पण मले लिहिता येते ते एवढंच, चौथीपर्यंतच्या शाळेतलं. तेव्हा जसं येते तसं लिहितो. शाळेतून मले काढलं ते पण तुम्हीच, पण ते भांडण आज काढत नाही.

उन्हाळ्यात अम्मीनं शेजारच्या एका पोरीकडून कार्ड लिहून धाडलं. माडी पाडून राह्यले, मी कुठं जाऊ, एवढंच. मी मुकादमाकडून पंधरा दिवसाची सुटी घेतली अन् निघालो. तुम्हाले ती माडी मी काय सांगावी, पण सांगतो, कारण आता सांगतल्याशिवाय ती कुठंच नाही. यवतमाळच्या मेन लाइनवर, त्या दुकानाच्या रस्त्यावर, कापसाच्या बंड्या बाजाराकडं वळत होत्या त्या कोपऱ्यावर. खाली सेठचं दुकान, वर सागाच्या खांबाची गॅलरी, त्याच्यावर कवेलूचं छप्पर, अन् समोरची सारी भिंत तुमच्या हातची. अशी घोटलेली की सकाळच्या उन्हात समोरून जाणाऱ्या बैलाचं शिंग तिच्यात हलताना दिसे. खिडक्याइवर चुन्याचे मोर होते, पण दुकानाच्या कमानीवर मोर नको म्हणून मोठे सेठ अडून बसले होते. त्यांचं म्हणणं, मोर तर सारेच काढते, पण माझं पोट मोरावर चालत नाही, बोंडावर चालते. मग तुम्ही कमानीच्या दोन्ही अंगाले कापसाची फुटलेली बोंडं काढली. त्या रस्त्यावर दहा दुकानं तशी होती, कोणाले निळी किनार, कोणाच्या माथ्यावर चुन्याचा सिंह, कोणाचं नावच भिंतीतून उठून आलेलं. दिवाळीनंतर बंड्याइची रांग लागली म्हणजे साऱ्या रस्त्यावर कापूस उडे अन् त्या भिंतीले चिकटून राहे, अन् लांबून पाहणाऱ्याले वाटे की मोराले पिसं फुटली. पण माणसं थांबून पाहत होते ते आपल्याच कोपऱ्यावर. कामाचे पैसे कमी पडले तेव्हा मोठ्या सेठनं मागच्या दोन खोल्या आपल्याले दिल्या. मिस्त्री भिंत सांभाळन तोवर खोल्या मिस्त्रीच्या. कागद नाही, पट्टा नाही, दुकानाच्या गादीवर पान खाता खाता झालेली गोष्ट.

मले त्या कामाचे दिवस असे दिसतात. मागच्या आंगणात चुन्याची घाणी फिरून राह्यली, बैलाच्या डोळ्याले फडकं, दगडी चाकाखाली चुना लोण्यासारखा होऊन राह्यला. अम्मीच्या चुलीवर मोठ्या पितळी गंजात बेलाचा गर अन् गूळ उकळून राह्यला. बाजूले उडदाची डाळ भिजलेली. ते सारं भिंतीच्या पोटात जाणार आहे. अम्मी म्हणते, भिंतीले गूळ अन् लेकराइले कोरडी भाकर, असं घर मी कुठं पाह्यलं नाही.  मी गंजात बोट घालून चाटतो अन् तुमची लाकडी थापी माझ्या पाठीवर बसते. तुम्ही म्हणता, तो भिंतीचा घास आहे, आपला नाही. मी त्या दिवशी रडलो नाही, पण मनात ठरवलं की मोठा झालो म्हणजे अशा कामाले हात लावणार नाही ज्याच्यात माणसाच्या आधी भिंत जेवते.

काम संपलं त्या दिवशीची गोष्ट तुम्हाले आठवत असन. सारी भिंत आरशासारखी झाली अन् डाव्या खांबाच्या मागं, कमरेच्या उंचीवर, वीतभर जागा तुम्ही तशीच खरबडीत ठेवली. मोठे सेठ चश्मा वर करून पाहत राह्यले. म्हणाले, मिस्त्री, एवढं लग्नाच्या नवरीसारखं केलं अन् हे खरूज कायले ठेवली? तुम्ही हात जोडून सांगतलं, पुऱ्या कामाले नजर लागते सेठजी, थोडं अपुरं ठेवा लागते. सेठ इतके खूश झाले की त्या जागेवर दर शनिवारी लिंबू-मिरची लटकू लागली. घरी आल्यावर तुम्ही मले खरं सांगतलं. चुना चुन्यालेच धरते, पण धराले खरबडीत जागा लागते. उद्या भिंतीले भेग पडली तर दुरुस्तीवाल्यानं कुठून सुरू कराचं? त्याच्यासाठी दरवाजा ठेवला. सेठले हे सांगतलं असतं तर म्हणाले असते, म्हणजे भिंत फुटणार आहे, अन् पैसे कापले असते. दर दिवाळीच्या आधी तुम्ही तिथूनच हात लावत होते. भिंत जशी काही तिथं उघडे अन् तुम्हाले आत घेई. यवतमाळातले सारे चुनेवाले अशी जागा ठेवत होते अन् सारे मालकाले नजरेचीच गोष्ट सांगत होते.

मग ते वर्ष आलं. आपला जिल्हा एका राज्यातून उचलला अन् दुसऱ्यात ठेवला. राजधानी भोपाळले गेली, आपण मुंबईच्या नावावर चढलो, अन् चौकात दोन्हीकडचे लोक घसा सुकेपर्यंत बोलत राह्यले. त्याच हिवाळ्यात मेन लाइनवर पहिला सलॅप पडला. कपड्याच्या दुकानावर, सिमेंटचं छत, तख्तासारखं सपाट. लोक सायकल थांबवून पाहत होते की याच्यावरचं पाणी जाईन कुठून. मी मजुराच्या मागं मागं शिडीवरून वर गेलतो. वरून सारी मेन लाइन दिसली, साऱ्याइची कवेलू, वाकलेली, शेवाळलेली, कुठं मांजर बसलेलं, कुठं फुटक्या जागेवर टिनाचा तुकडा. मले पहिल्यांदा आपला रस्ता म्हातारा दिसला. मी खोटं कायले सांगू, मले तो सलॅप आवडला. सरळ होता. एका रात्रीत दगड झालता.

त्या संध्याकाळी आपलं भांडण झालं ते अजून मिटलं नाही. मी म्हणलं सिमेंट शिकू, तुम्ही पण शिका, चुना आता कोणी लावणार नाही. तुम्ही म्हणाले, सिमेंट म्हणजे ज्याले वाट पाहता येत नाही त्याचं काम. मी म्हणलं, तुमचा चुना मुरेपर्यंत आपण भुकेनं मरू. अम्मी मधात आली नाही. तुम्ही नखात बसलेला चुना खरवडला अन् आवाज न वाढवता बोलले.

"मंग जाय. जिथं रात्री लावलं अन् सकायी सुकते, तिथं जाय."

सकाळी मी निघालो तेव्हा तुम्ही अंघोळीले बसले होते, उठले नाही. अम्मीनं भाकरीसोबत एक फडकं दिलं, त्याच्यात तुमचा भिंत घोटाचा गोटा होता, पैनगंगेतला, चुना घासून घासून काचेसारखा झालेला. तुम्हीच द्याले सांगतलं म्हणे. सिमेंटवर तो चालत नाही, हे तुम्हाले माहीत नसन असं नाही. मी त्याच्यावर इकडं मिरच्या वाटतो. रागावू नका, दुसरं काही काम नाही त्याले.

नंतरची दोन वर्षं तुमची कशी गेली ते मले अम्मीनं फार नंतर सांगतलं. सेठच्या माडीशिवाय कोणाचंच काम राह्यलं नव्हतं. ज्याले तुम्ही पोतेऱ्याचं काम म्हणत होते ती सफेदी तुम्ही घरोघर केली, रोजानं, पोळ्याले अन् ईदीले. मग पावसाळ्यात ताप धरला. तार आली तेव्हा मी परांचीवर होतो. इटारसी, नागपूर, धामणगाव, तिथून मोटार, असा पोहोचलो तेव्हा पाऊस उघडला होता, कबरीवरची माती सुकून तिले भेगा पडल्या होत्या. अम्मी म्हणाली, लोक तुह्यासाठी थांबले असते, पण त्या दिवशी पाऊस होता. त्या वेळेस मी दोन दिवस राह्यलो अन् परत आलो. मोठ्या सेठनं अम्मीले खोल्या तशाच ठेवल्या. मिस्त्री गेला, पण मिस्त्रीची भिंत आहे ना, असं म्हणाले. असा माणूस होता तो. म्हणून तर पुढचं झालं.

या उन्हाळ्यात मोटारीतून उतरून मेन लाइनवर आलो तर मी पुढं निघून गेलो, आपला कोपरा ओळखलाच नाही. सिंहवाली भिंत गेली, तिथं तीन मजली सिमेंट, त्याच्यात भोकाभोकाची जाळी. निळ्या किनारीच्या ठिकाणी लोखंडी शटर, खडखड करून वर जाणारं. गॅलऱ्या गेल्या. दुपारी त्याच्या सावलीत माणसं ज्याच्यावर बसत होते ते ओटे पण गेले. साऱ्या रस्त्यावर ऊन मोकळं पडलं होतं. दोन दुकानाच्या मधात आपली माडी अशी उभी होती जशी बारातीत न बोलावलेली म्हातारी. मोराची चोच फुटलेली, भिंत पिवळी पडलेली, पण भेग नाही. दहा वर्षं तिले कोणाचा हात लागला नव्हता अन् भेग नव्हती.

मोठे सेठ वारले होते. छोटे सेठ गादीवर. त्यांनी नागपूरचा ठेकेदार आणला होता, त्याचे माणसं दोन दिवस लोखंडी सब्बल मारून थकले होते. बोटभर टवके उडाले, भिंत हलली नाही. छोट्या सेठले कळलं की मिस्त्रीचा पोरगा भोपाळहून आला, तर त्यांनी मले बोलावून चहा पाजला. म्हणाले, तू त तिकडं मंत्र्याइचे सलॅप टाकते म्हणे. मी म्हणलं, मंत्र्याइचे नाही, त्यांच्या कारकुनाइच्या क्वार्टरचे. ते हसले. मग कामाचं बोलले. भिंत तू पाड, पायाचं काम सुरू करून दे, मजुरी भोपाळच्या भावानं देतो, अन् नव्या इमारतीत मागच्या बाजूले तुझ्या अम्मीले एक खोली, पक्की, मोरीसकट. मी घरी येऊन अम्मीले सांगतलं. ती भाकर थापून राह्यली होती. मले वाटलं रडन, नाही म्हणन.

"पाड," ती म्हणाली. "तुह्या अब्बानं खोल्या जबानीवर घेतल्या. तू कागदावर घे."

अन् मी कागद मागला नाही. इथं माझं तुमच्याशी भांडण आहे अब्बा. घाई माझी म्हणता, पण हा भरवसा माझा नव्हता, तुमचा होता. ज्या गादीवर पान खाऊन दिलेली जबान तुमच्यामागंही चालली, त्याच गादीवर बसून मी कोणत्या तोंडानं म्हणू की सेठजी, लिहून द्या? भोपाळले मी मुकादमाच्या बापावर पण भरवसा ठेवत नाही, पहिले मजुरी मोजून घेतो. पण मेन लाइनवर आलो अन् पुन्हा तुमचा पोरगा झालो. गल्लीतल्या कोणालेही विचारा, त्यांनी पण मागला नसता. त्या रस्त्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या बापाले शिवी देणं होतं. मले दिसलं नाही की तो रस्ताच राह्यला नाही.

भिंत कशी पाडली तेही ऐका. ठेकेदाराचे माणसं मधातूनच घाव घालत होते. मी डाव्या खांबाच्या मागं गेलो, हातानं चाचपडलं, धूळ पुसली, अन् खरबडीत वीतभर जागा हाताले लागली. तिथं सब्बल लावली अन् वरून हातोडा मारला. चौथ्या-पाचव्या घावाले भिंत आतून बोलली. दुपारपर्यंत कमान उतरली. तुमचं सारं काम त्या एका दरवाजातून बाहेर आलं, पापुद्रा पापुद्रा, पांढरं, आतून अजून थंड. मलबा उचलाले फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या बाया आल्या होत्या. त्यातली एक टोपलं डोक्यावर घेता घेता मले भाऊ मानून म्हणाली, "भिया, तुले बरं ठाऊक कुठून फुटते. तूच बांधली का काय?" बाकीच्या हसल्या. मी पण हसलो. 

अम्मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर दिवसभर बसली होती. जेवाले हाक मारली, मी गेलो नाही, तर डबा तसाच मांडीवर धरून बसली. शेजारपाजारच्या बाया जमल्या. एकीनं मोराचं डोकं उचलून आणलं, म्हणाली, मिस्त्रीची निशाणी आहे, ठेवून घ्या. अम्मीनं ते पाह्यलंसुद्धा नाही.

"कुठं ठेवू? मलेच ठेवाले जागा नाही."

तिले तेव्हाच कळलं होतं, मले चार दिवसानं कळलं. पायाची आखणी कराची होती. नव्या कामात चुना आता तेवढ्यालेच लागते, जमिनीवर फक्कीची रेघ माराले. ठेकेदारानं नकाशा पाहून माप सांगतलं, मी दोरी ताणली अन् मुठीतून चुना सोडत गेलो. समोरून मागं आलो, आंगणातून आपल्या खोलीत शिरलो, अन् पिलरचा चौकोन बरोबर अम्मीच्या चुलीवर आला. मी दोनदा मोजलं. मग साऱ्या रेघा पाह्यल्या. माझं शिक्षण चार बुकाचं, पण पिलर कुठं आले म्हणजे खोली कुठं होते हे मले नकाशा न वाचता दिसते. तिथं खोली नव्हती. मागची सारी जागा एक गोदाम होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

हातावरचा चुना न धुता मी गादीवर गेलो. छोट्या सेठनं नजर चुकवली नाही, हे एक सांगाले पाहिजे. म्हणाले, जबान दिलती भाई, नाही कुठं म्हणतो, पण इंजिनेरनं नकाशात जागाच ठेवली नाही, अन् नकाशा पास झाला. मग म्हणाले, तू त सिमेंटवाला आहेस, तुले त समजते, की एकदा पास झालं म्हणजे हलत नाही. चहा मागवला. मी प्यालो नाही, पण उठून शिव्या पण दिल्या नाही. तुम्ही असते तर काय केलं असतं? तुम्ही पण हात जोडूनच उभे राह्यले असते, मले माहीत आहे. तेच मले सहन होत नाही.

अम्मीच्या चुलीवरचा तो एक खड्डा मी खणला नाही. बाकीचे खणले, कारण मजुरी पाहिजे होती, अन् त्या मजुरीतून गावाबाहेर, लोहारा वस्तीत, एक खोली पाह्यली. टिनाची आहे. विटाच्या भिंती, वरून सिमेंटचा हात, बाहेरून बरी दिसते. दुपारी आत बसवत नाही, अम्मी बाहेर निंबाखाली खाट टाकते. बाजारात येणं असलं तर ती मेन लाइनवरून येत नाही, मागच्या गल्लीतून फिरून येते, पाय दुखत असूनही.  मी निघालो तेव्हा नेहमीसारखी भाकर बांधून दिली अन् म्हणाली, पोहोचला म्हणजे कार्ड टाक.

ते टाकलं. कार्डात जे लिहाचं ते लिहिलं, अन् मनिऑर्डरच्या खाली दोन ओळीची जागा असते तिथंही मी खुशाल आहे एवढंच लिहितो. हे त्याच्यात मावत नाही, अन् तुमच्याकडं डाक जात नाही, तर हा कागद माझ्याजवळच राहीन.

एकच राह्यलं. अम्मी खोल्या सोडाले तयार नव्हती. चुलीजवळ बसून राह्यली, बाहेर मजूर कुदळ घेऊन उभे. तेव्हा मी तिले सांगतलं की सेठनं कबूल केलं, बकरीदपर्यंत थांबा, तुमची खोली वरच्या मजल्यावर काढून देतो. मग तिनं उठून भांडे बांधले. सेठ असं काही म्हणाले नव्हते. ते मीच बनवलं. प्रत्येक कार्डात ती विचारते की सलॅप कुठपर्यंत आला, अन् मी लिहितो की टाकणं सुरू आहे. लोहाऱ्याच्या खोलीचं भाडं, रॉकेल अन् तिच्या गुडघ्याची दवाई धरून या महिन्याले तिच्या नावानं पस्तीस रुपये पाठवून राह्यलो.